बाबा, गाडी आणि पिवळा दिवा
मागच्या महिन्यात डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटला, गाडी धक्के खायला लागली आणि बाबांनी ड्रायव्हिंगच सोडलं. 'वय झालं, माझंच काहीतरी चुकत असणार.' गॅरेजवाला तर थेट इंजिन खोलायच्या गोष्टी करायला लागला. म्हटलं, थांबा! मी एक ब्लूटूथ अडॅप्टर मागवला. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये खोचायचा, इग्निशन ऑन, झालं. सोप्पंय ना? कसलं! माझा आयफोन त्याला ओळखच दाखवेना. (अख्खा रविवार घालवल्यावर कळलं, जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ अडॅप्टरशी त्याचं जमत नाही, वाय-फाय किंवा बीएलईवाला लागतो.) शेवटी बाबांचाच अँड्रॉइड घेतला. पिन १२३४. नुसतं पेअर करून भागत नाही हं, अ‍ॅपच्या सेटिंगमध्येही अडॅप्टर निवडावा लागतो. कोड आला पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. इंजिन गार झाल्यावर पहिल्या-दुसऱ्याच्या इग्निशन कॉइल्सची अदलाबदल केली, कोड पुसला, एक चक्कर मारली. आता पी०३०२! कॉइलबरोबर दोषही सरकला होता.

'म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं?' बाबांनी फोन हातात घेऊन दोनदा वाचलं.

नवी कॉइल बसली त्या संध्याकाळी चावी त्यांनीच मागून घेतली.