स्वातंत्र्याची पंचाहत्तरी कान्हेरीच्या लेण्यांत

१५ ऑगस्ट म्हटला की आपल्या वस्त्यांमधून एक ठरलेला कार्यक्रम होतो. सकाळी झेंडावंदन, लाऊडस्पीकरवर गाणी, मुलांच्या हातावर गोळ्या-बिस्किटे, आणि दहा वाजेपर्यंत जो तो आपापल्या घरी. उरलेली सुट्टी टीव्हीसमोर जाते. देशाचा एवढा मोठा दिवस, पण तो आपण कुठे उभे राहून साजरा करतो याचा विचार सहसा होत नाही.

२०२२ साली स्वातंत्र्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यानिमित्त ५ ते १५ ऑगस्ट २०२२ या अकरा दिवसांत भारतीय पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील सर्व वास्तू केंद्र सरकारने लोकांसाठी विनातिकीट खुल्या केल्या. ही बातमी अभ्यासिकेत वाचली गेली आणि महिला मंडळाने तिथल्या तिथे ठरविले की, यंदा आपण कान्हेरीला जायचे. १५ तारखेला सोमवार, म्हणजे उद्यानाची साप्ताहिक सुट्टी. शिवाय वस्तीतले झेंडावंदन चुकविणे शक्य नव्हते. म्हणून आदल्या दिवशी, रविवार १४ ऑगस्टला, आम्ही अकरा कुटुंबे बोरिवलीला उतरलो. सत्तावीस मोठी माणसे आणि सोळा मुले.

कान्हेरीची लेणी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात आहेत. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून मुंबई आणि ठाणे या दोन्ही बाजूंना पसरले आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे मुंबईला पाणी पुरविणारे तलाव याच जंगलात आहेत. बोरिवली स्टेशनच्या पूर्वेस थोडे चालले की उद्यानाचे फाटक लागते आणि तेथून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. लेण्यांचे तिकीट माफ झाले होते, पण फाटकावरचे प्रवेशशुल्क वन खात्याचे असते, ते वेगळे भरावे लागले. मुलांना छोट्या रेल्वेत बसायचे होते. ती मे २०२१ च्या चक्रीवादळापासून बंद होती. वयस्कर मंडळींना गाडीत बसवून बाकीचे आम्ही पावसात भिजत चालत निघालो. वाटेत ओढे दुथडी वाहत होते.

लेण्यांच्या पायथ्याशी पोहोचल्यावर पहिल्यांदा सर्वजण गप्पच झाले. काळ्या पाषाणाचा अख्खा डोंगर शंभराहून अधिक लेण्यांनी भरलेला आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास येथे काम सुरू झाले आणि हजार वर्षे भिक्खूंची वस्ती येथे नांदली. जुन्या लेखांतून या डोंगराला कान्हसेल, कान्हगिरी म्हटले आहे. कान्हेरी हे नाव त्यातूनच आले. लेणे क्रमांक ३ हे मोठे चैत्यगृह. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, ते कोरले गेले. आत चौतीस खांब आणि शेवटी स्तूप. काही खांबांवर हत्ती-घोडे कोरलेले आहेत, तर काही साधेच राहून गेले आहेत. बाहेरच्या पडवीत दोन्ही टोकांना तथागतांच्या तेवीस-एक फूट उंचीच्या उभ्या मूर्ती आहेत. आम्ही तेथे त्रिसरण-पंचशील म्हटले. दगडी कमानीखाली मुलांचा आवाज असा घुमला की इतर पर्यटकही थांबून ऐकू लागले.

कान्हेरीत पन्नासहून अधिक शिलालेख वाचता येण्याजोगे आहेत. अभ्यासिकेच्या एका मुलीने घरून माहिती काढून आणली होती, ती तिने सर्वांना वाचून दाखविली. एका लहान मुलाने विचारले, "हे सगळं कोणत्या राजाने बांधलं?" त्याचे उत्तर आपल्या घराघरांत पोहोचले पाहिजे. राजांची नावे येथे आहेत, पण दान देणाऱ्यांत भरणा आहे तो कल्याण, सोपारा, चौल अशा बंदरांच्या व्यापाऱ्यांचा, कारागिरांचा, भिक्खू-भिक्खुणींचा आणि बायाबापड्यांचा. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दिली. सोपाऱ्याच्या एका मणिकाराने पोढी दिली. कल्याणच्या एका लोहाराने पायवाट करून दिली. त्या दानाला शब्द आहे 'देयधम'. हातोडा आणि भाता चालविणाऱ्या माणसाचे नाव दगडावर कोरले गेले आणि आज सतराशे-अठराशे वर्षांनंतर रेल्वे वर्कशॉपमध्ये आयुष्य घालविलेला आमचा एक सोबती ते ऐकत उभा होता. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे वर्गणी तेव्हाही आपलीच होती."

पोढ्यांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जवळपास प्रत्येक लेण्याबाहेर कातळात खोदलेले टाके आहे. छतावरच्या कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी या टाक्यांत उतरविले आहे. ऑगस्ट असल्याने सर्व पोढ्या काठोकाठ भरलेल्या होत्या. ना पंप, ना नळ, तरी डोंगरावरच्या वसाहतीला वर्षभर पाणी पुरावे अशी ही योजना. आमच्यातील सर्वांत वयस्कर उपासिका एका पोढीच्या काठावर बसल्या आणि मुलांना महाडची गोष्ट सांगू लागल्या. पाणी देणे हा ज्या भूमीत धम्म होता, त्याच भूमीत पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. एवढे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मधल्या काळात काय घडले याचा प्रश्न मुलेच विचारतात.

लेणे क्रमांक ११ ला लोक 'दरबार हॉल' म्हणतात. नाव ऐकून आमच्या मुलांनी सिंहासन शोधले. सिंहासन तेथे नाही. लांबच लांब दालन, मध्यभागी जमिनीतून वर काढलेले दोन बुटके लांब दगडी ओटे, भोवती खोल्या आणि मागे बुद्धमूर्ती. असेच ओटे वेरूळच्या पाचव्या लेण्यात आहेत. ही संघाने एकत्र, एका ओळीत बसण्याची जागा. दरबारात एक वर बसतो आणि बाकीचे खाली उभे राहतात; येथे सर्वांची बैठक एकाच उंचीची आहे.

तेथेच ओट्याच्या कडेला बसून आम्ही स्वातंत्र्यदिनाची सभा घेतली. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या शेवटच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितले होते की, लोकशाही भारताला नवी नाही. भिक्खुसंघ म्हणजे संसदच होती. बसण्याची व्यवस्था, ठराव मांडणे, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे नियम संघ पाळीत असे. त्याच भाषणात त्यांनी इशाराही दिला होता की, राजकारणात समता आली तरी सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे आणि ती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल. वर्गातल्या पुस्तकात हे वाचणे वेगळे आणि त्या ओट्यांजवळ बसून ऐकणे वेगळे. मुलांच्या हातात तिरंगे होते. एकाने चक्राचे आरे मोजले, चोवीस भरले. हे चक्र सारनाथच्या अशोकस्तंभावरून घेतलेले असून, झेंड्याचा विचार करण्यासाठी १९४७ साली नेमलेल्या समितीत बाबासाहेब होते, हे पुष्कळ मुलांना त्या दिवशी प्रथम कळले.

पण या जंगलाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा वृत्तांत पुरा होणार नाही. आमच्यासोबतच्या एका बाईंचे लहानपण याच जंगलाच्या कडेच्या झोपडपट्टीत गेले. १९९७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, उद्यानाच्या हद्दीतील झोपड्या काढण्याचा कोर्टाचा आदेश झाला आणि पुढील काळात हजारो कुटुंबांची घरे गेली. त्यांत रोजंदारी करणारे आपले पुष्कळ लोक होते. बाई सांगत होत्या, "शाळेतून आले तर घराच्या जागी नुसता चौथरा होता. आईने त्याच्यावरच चूल मांडली." जंगल राखले पाहिजे यात शंका नाही, शहर त्याचेच पाणी पिते. परंतु राखण्याची किंमत प्रत्येक वेळी सर्वांत गरिबाने का द्यावी, हा प्रश्न उरतोच. परतताना रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या आदिवासी बाया काकड्या विकत होत्या. आम्ही त्यांच्याकडून काकड्या घेतल्या, भाव केला नाही. उद्यान होण्याच्या पुष्कळ आधीपासून वारली लोक या रानात राहत आले आहेत. पंचाहत्तरीचा झेंडा त्यांच्याही दारावर होता.

आता थोडा हिशेब. पंधरा वर्षांवरील माणसाला लेण्यांचे तिकीट एरवी २५ रुपये होते. सत्तावीस माणसांचे ६७५ रुपये वाचले, त्यांच्या अभ्यासिकेला वह्या घेतल्या. जेवण घरून नेलेले भाकरी-पिठले, ठेचा आणि कांदा. प्लास्टिक आत टाकले नाही, नेलेले सर्व परत आणले. माकडे फार आहेत, हातात पिशवी उघडी धरू नये. पावसाळ्यात कोरीव पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून घट्ट पट्ट्याच्या चपला घालाव्यात आणि वृद्धांना हात द्यावा. सकाळी लवकर पोहोचावे, म्हणजे वरची लेणी पाहूनही उजेडात परतता येते. खांबांवर नावे कोरणारे काही तरुण आम्हांला दिसले; त्यांना समजावून थांबविले. दान दिले त्याचे नाव दगडावर राहिले, आपण काय दिले म्हणून आपले नाव तेथे लिहायचे?

वाचक बंधू-भगिनींनो, कान्हेरी लांब पडत असेल तर आपल्या जवळची लेणी पाहा. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिकची त्रिरश्मी, महाडजवळचे गांधारपाले, कुडे, औरंगाबाद, पितळखोरे यांपैकी काहीतरी आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारी आहेच. नालासोपाऱ्याचा स्तूप तर लोकल गाडीच्या अंतरावर आहे. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनन केले. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २६ नोव्हेंबर हे तीन दिवस वर्षातून येतात. सकाळी झेंडावंदन करावे आणि त्या आठवड्यातल्या एखाद्या सुट्टीला मुलांना घेऊन लेण्यांवर जावे. उद्देशिका तेथे मोठ्याने वाचावी. निघताना एक वही आणि पेन सोबत घ्यावे आणि मुलांना शिलालेखांच्या जागा टिपायला लावाव्यात. आमच्या मुलांनी कान्हेरीत चौदा टिपल्या. उरलेल्यांसाठी ती पुन्हा जाणार आहेत.