खाटेखालचा पेशंट

सोयाबीनच्या सुगीत आमच्या हिंगोलीकडच्या कुठल्याही वॉर्डात फेरी मारा. खाटेवर पंचाहत्तरीचे आजोबा आणि खाली चटईवर आजी, ही जोडी ठरलेली. मुलगा मळणीयंत्रावर, नाहीतर पुण्याला कंपनीत. आजोबांच्या केस पेपरवर बीपी-शुगर रोज चढते. आजींचं बीपी कुणी मोजत नाही, आणि विचारायला गेलं तर त्याच म्हणतात, "मला काय धाड भरलीय? यांचं बघा." फिजिशियन म्हणून मला हे पटत नाही. म्हाताऱ्या जोडप्यातलं एक माणूस भरती झालं, की तपासायची माणसं दोन असतात.

निकोलस ख्रिस्ताकिस आणि पॉल ॲलिसन यांनी २००६ मध्ये अमेरिकेतल्या ५,१८,२४० वृद्ध जोडप्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक रुग्णालयात गेला की दुसऱ्याच्या मृत्यूचा धोका वाढतो, असं त्यात दिसलं. मात्र सगळ्या आजारांत सारखा नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनंतर तो फारसा वाढला नाही. स्मृतिभ्रंश, मानसिक आजार, खुब्याचं हाड मोडणं यांनंतर मात्र वाढला. मला यातून कळतं ते असं, की आजार किती जीवघेणा आहे यापेक्षा तो माणसाला किती परस्वाधीन करतो, ते जोडीदाराला जास्त भोवतं.

चटईवर हे कसं घडतं? घाईत आजींच्या स्वतःच्या गोळ्या घरी राहतात. डब्यातली भाकरी आधी आजोबांना, उरली तर आजींना. संडास लांब म्हणून पाणी कमी पितात. रात्रभर सलाईनच्या बाटलीवर डोळा. पेशंट नांदेडला विष्णुपुरीच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात रेफर झाला, तर नेसत्या लुगड्यानिशी ॲम्ब्युलन्समध्ये चढतात.

त्यात आजोबा रात्री बरळायला लागतात. सुई उपसतात, "बैल सोडायचेत" म्हणून उठतात. नातेवाईक बाहेरच्या बाधेची शंका घेतात. हा डिलिरियम. जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घटणं, तुंबलेली लघवी, काही औषधं अशी कारणं त्यामागे असतात, ती शोधावीच लागतात. पण तो टाळायला महागडं काही लागत नाही. शेरॉन इनौये यांनी १९९९ मध्ये सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवरचा प्रयोग मांडला. चष्मा, कानाचं यंत्र, पुरेसं पाणी, रोज चालवणं, शांत झोप आणि वेळ-वार सांगत केलेल्या गप्पा, एवढ्यावर डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. तिथे ही कामं प्रशिक्षित माणसं आणि स्वयंसेवक करत. आपल्याकडे ती आजी करू शकतात, पण उपाशी आणि जागरणानं शिणलेल्या आजी नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण त्यातून उपचार होतात ते भरती झालेल्याचे. चटईवरच्या माणसाकडे बघणं डॉक्टर, सिस्टर आणि पोरांच्याच हातात उरतं.

म्हणून भरतीच्या पहिल्याच दिवशी आजींचंही बीपी आणि शुगर मोजा, त्यांच्या गोळ्यांची पिशवी मागवून घ्या. "आई, तू घरी जा" म्हणून उपयोग नाही, ती जाणार नाही. पाळी लावा. दिवसा आजोबांना धरून चार पावलं चालवणं, गावाकडच्या गोष्टी सांगणं तिच्याकडे ठेवा. रात्र मुलानं घ्यावी. सुगी असली तरी.