तू बाहेरच थांब

परवा रविवारी सकाळी शारजाच्या क्रिकेट स्टेडियमबाहेर मी पाऊण तास नुसता उभा होतो. सामना नव्हता, सरावही नव्हता. पहारेकऱ्याने दोनदा येऊन विचारलं, "सर, आज मॅच नाही. काय पाहिजे?" काय पाहिजे ते मला धड सांगता येईना. शेवटी म्हटलं, "काही नाही, गाडी जरा थंड करतोय." एप्रिल महिन्यात, शारजात, भर उन्हात गाडी उभी करून ती थंड करणारा माणूस त्या बिचाऱ्याने पहिल्यांदाच पाहिला असावा.

त्याचं असं आहे मंडळी, की येत्या ऑगस्टअखेर मी निवृत्त होतोय. १९८६ च्या जानेवारीत इथे आलो तो फक्त दोन वर्षांसाठी. (हसू नका, तुम्हीही दोनच वर्षांसाठी आला होतात.) आता व्हिसा रद्द करायचा, विजेची अनामत परत घ्यायची, सोफा कुणाच्या तरी गळ्यात मारायचा आणि सांगली गाठायची. सौ.च्या याद्या तयार आहेत, त्यांची एक वही झाली आहे. माझी यादी एका ओळीची होती: शारजाला एकदा जाऊन यायचं.

तसं शारजाला मी आठवड्यातून दोनदा जातोच. आमच्या कंपनीचं गोडाऊन तिथल्या इंडस्ट्रियल एरियात आहे, आणि फरश्या नि सिमेंटचा हिशेब मी गेली कित्येक वर्षं तिथे बसून लिहितोय. पण कामाला जाणं वेगळं आणि जाणं वेगळं. १९८६ साली आम्ही बर दुबईहून अब्र्यात बसून खाडी ओलांडायचो. भाडं पन्नास फिल्स. आता एक दिरहम झालंय, आणि एवढ्या वर्षांत या गावात फक्त दुपटीने महागलेली ही एकच गोष्ट असेल. देऱ्याहून पुढे शेअर टॅक्सी. दुबई संपायची, मग बरीच वाळू, मग शारजा सुरू व्हायचं. आता मधली वाळू गेली. गाड्या तुंबल्या की शारजा आलं असं समजायचं. सुट्टीसुद्धा २०२२ पासून शुक्रवारची शनिवार-रविवारवर गेली. माझ्या मनातला रविवार मात्र अजून शुक्रवारीच येतो.

स्टेडियम तसं दिसायला फार काही नाही. लॉर्ड्सचा रुबाब नाही की ईडनचा पसारा नाही. अब्दुल रहमान बुखातिर या इथल्या उद्योजकाच्या हौसेतून वाळवंटात हे हिरवळीचं मैदान उभं राहिलं. १९८४ मध्ये पहिला आशिया कप इथेच झाला आणि आपण तो जिंकला. आज जगात सगळ्यात जास्त एकदिवसीय सामने झालेलं मैदान हेच. पश्चिमेकडच्या स्टँडला २०२३ मध्ये, २४ एप्रिलला, सचिन तेंडुलकरचं नाव दिलं. त्या दिवशी त्याची पन्नाशी पूर्ण झाली.

पण मी बाहेर का उभा होतो, हे कळायला तुम्हाला आधी सांगलीला यावं लागेल.

गावभागातला आमचा वाडा. सांगलीकराला दोन विषयांवर बोलायला विषय लागत नाही, एक राजकारण आणि दुसरं क्रिकेट. विजय हजारे सांगलीत जन्मले हे वडील पाहुण्याला चहाच्या आधी सांगत. आणि वसंतदादांचं सरकार १९७८ मध्ये पडलं तेव्हा आमच्या चौकात दोन बिऱ्हाडांचं बोलणं बंद झालं ते गणपतीपर्यंत. अशा वाड्यात २५ जून १९८३ ची संध्याकाळ. आपले सगळे १८३ वर बाद. ट्रान्झिस्टर चौकातल्या तुळशीच्या कट्ट्यावर, भोवती सगळी बिऱ्हाडं, आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती. तिचं नाव लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरी आधी सौ. वाचते. सौ.ला नाव माहीत आहे, ही गोष्ट वेगळी.

ट्रान्झिस्टर तिच्या वडिलांचा. रिचर्ड्स सुटला होता, चौकारांमागून चौकार, आणि नेमका त्याच वेळी आवाज बसायला लागला. सेल संपले. ती म्हणाली, "जा की रे पळत." मी हरभट रोडकडे असा धावलो की कपिल देवने माझ्याकडून शिकावं. दुकानदार फळ्या लावत होता. त्याला हातापाया पडून सेल घेतले, धापा टाकत दिंडी दरवाजात आलो तर आत एकच कल्ला. मदनलालच्या चेंडूवर रिचर्ड्सने उंच मारलेला झेल कपिलने मागे धावत जाऊन घेतला होता. रिचर्ड्स ३३. मी उंबरठ्यात पाऊल टाकणार, तोच ती पायरीवरून ओरडली, "थांब! तू बाहेर गेलास आणि तो गेला. आता तू बाहेरच थांब."

सेल दारातून आत दिले आणि मी थांबलो. बोळात, म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली, एका कुत्र्याच्या सोबतीने. वेस्ट इंडीजचे सगळे १४० वर बाद होईपर्यंत. मग आत फटाके, मिठ्या, साखर वाटणं. बऱ्याच वेळाने कुणाला तरी माझी आठवण झाली, आणि ती दारात येऊन माझ्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवून गेली. वर्ल्ड कप आपल्याला एवढा मिळाला. तेव्हा काही बोलायला हवं होतं. मी "किती ओव्हर राहिल्या होत्या?" असं विचारलं.

१९८५ च्या वैशाखात तिचं लग्न झालं, बडोद्याचं स्थळ होतं. १९८६ च्या जानेवारीत मी इकडे आलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी सौ.ला पुष्कळदा सांगितलंय. ती दर वेळी "असं का" म्हणते.

तीनच महिन्यांत, शुक्रवार १८ एप्रिल १९८६. खोलीतले आम्ही सगळे एका पिकअपच्या मागे बसून या स्टेडियमवर आलो. पुढचं तुम्हाला पाठ आहे, आणि विसरायचा प्रयत्नही करून झालाय. शेवटचं षटक चालू होतं तेव्हा मला फार जोरात लागली होती. मी उठलो. खोलीतल्या सगळ्यांनी हात धरून खाली बसवलं: अशा वेळी कुणी हलायचं नाही! मी बसलो. एक चेंडू, चार धावा हव्यात, चेतन शर्माचा फुलटॉस आणि मियाँदादचा षटकार. मी बाहेर असतो तर? हा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही, आज पहिल्यांदा छापतोय. परतताना मिळालेला टॅक्सीवाला पेशावरचा पठाण होता. आमची तोंडं बघून त्याने रेडिओ बंद केला आणि भाडं घेतलं नाही. त्याने ते घेतलं असतं तर बरं झालं असतं, इतकं ते लागलं.

त्यानंतर मी नियमच केला. घरी टीव्हीवर सामना अडला की मी बाल्कनीत. सौ. इचलकरंजीची, सरळ हिशेबाची बाई, पण तीही पुढे पुढे म्हणायला लागली, "अहो, जरा बाहेर जाता का? दोन विकेट पाहिजेत."

२२ एप्रिल १९९८ ला मात्र आम्ही तिघंही आत होतो. मुलगा आठ वर्षांचा. ऑस्ट्रेलियाच्या २८४, आपले चार बाद, आणि वाळूचं वादळ आलं. खेळाडू जमिनीवर आडवे, आमच्या दातांत वाळू. मुलाला धाप लागली म्हणून मी त्याचा पंप आणायला गाडीकडे गेलो. वादळ थांबलं, खेळ सुरू झाला, आणि मी परत येऊन पंप दिला तेव्हा सौ.ने लांबूनच तळहात दाखवला. थांबा तिथेच! मी जिन्याच्या तोंडाशी थांबलो. सचिनच्या त्या १४३ मधला सगळा उत्तम भाग मी पाठमोऱ्या माणसांवरून पाहिला. पाठी उसळल्या की चौकार, हात वर गेले की षटकार. सामना हरलो, पण फायनलला लागणाऱ्या २३७ धावा ओलांडल्या. दोन दिवसांनी त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्याने १३४ काढल्या आणि आपण सहा गडी राखून जिंकलो. तेव्हा मी कुठे होतो, हे सांगायला नकोच. बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी आहे, तिला त्या रात्री मी चार वेळा पाणी घातलं.

राजकारणाचंही तेच. इथल्या राजकारणावर आपण बोलत नाही, त्यामुळे सगळी वाफ तिकडच्या राजकारणावर. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, २६९ विरुद्ध २७०. त्या संध्याकाळी आमच्या एका मित्राच्या हॉलमध्ये जे रण माजलं, त्याने शेजारचा मल्याळी चौकशीला आला. एक मत म्हणजे काय, यावर मी अर्धा तास बोललो. मित्राच्या बायकोने चहा ठेवता ठेवता विचारलं, "भावजी, तुम्ही शेवटचं मत कधी दिलंत?" मी हिशेब केला. डिसेंबर १९८४ ला लोकसभेचं आणि मार्च १९८५ ला विधानसभेचं. बस्स. मग मी चहा प्यायलो.

२०१० च्या दुरुस्तीने आपल्यासारख्यांना मतदार म्हणून नाव नोंदवता येऊ लागलं. पण मत द्यायला स्वतः तिथे, त्या केंद्रावर उभं राहायला हवं. २०२४ साली मी मनावर घेतलं. नाव नोंदवलं, ४ मेचं तिकीट काढलं. सांगलीचं मतदान ७ मेला होतं. आणि १६ एप्रिलला इथे तो पाऊस पडला. अल ऐनजवळ एका दिवसात अडीचशे मिलिमीटर. शारजात कित्येक दिवस रस्त्यांवर पाणी होतं. गोडाऊनमध्ये सिमेंटच्या गोण्या ओल्या होऊन दगड झाल्या. मोजायच्या, फोटो काढायचे, विम्याचे कागद भरायचे. मालक म्हणाले, "तुम्ही जा." मीच गेलो नाही. हिशेबनीस कामाच्या वेळी निघून गेला असं नको व्हायला.

४ जूनला निकाल लागला. सांगलीत अपक्ष निवडून आले, वसंतदादांचे नातू. मी कुणाला मत देणार होतो ते गुप्त ठेवतो. पण संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. तो म्हणाला, "दादा, तू आला नाहीस तेच बरं. १९८४ ला तू ज्याला मत दिलंस तो पडला होता. तू आपला बाहेरच थांब." तो हसत होता. ८३ च्या त्या रात्री तो चौकात होता, आत.

आणि ती? भेटली की. २०११ मध्ये, मिरजेला, एका लग्नात. केस पांढरे, ते न रंगवता मोकळेपणाने वागवणारी, हातात जेवणाचं ताट. सौ.शी छान बोलली, बडोद्याच्या फरसाणाचं काहीतरी. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय रे, अजून बाहेरच का?" मी "हो" म्हटलं. तिने दुबईबद्दल विचारलं की त्या बोळाबद्दल, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. सौ.च्या मते बायका एवढं लक्षात ठेवत नाहीत. हे ती मला १९९२ साली मी कोणत्या रंगाची साडी आणायला विसरलो ते सांगता सांगता म्हणाली.

राहता राहिलं सलाला. मंडळी, ओमानचा तो दक्षिणेकडचा कोपरा. जून ते सप्टेंबर तिथे आपलाच नैऋत्य मोसमी पाऊस बुरबुरतो, डोंगर हिरवे होतात, नारळाची झाडं, धुकं. तिथले लोक त्या हंगामाला 'खरीफ' म्हणतात. आपलं खरीप पीक याच अरबी शब्दावरून आलं, हे कळल्यापासून मला तिथे जायचंय. गाडीने हजार-बाराशे किलोमीटर. अल ऐन, इब्री, मग हैमापर्यंत नुसतं सपाट वाळवंट, आणि थुमरैतनंतर डोंगर उतरता उतरता एकदम हिरवं. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी रजा नि पैसे सांगलीला जायचे. आईचं मोतीबिंदू, भाचीचं लग्न, वाड्याची गळती. त्याबद्दल तक्रार नाही. पण एक माणूस एकोणचाळीस पावसाळे कोरड्या गावात काढतो आणि पाऊस एका दिवसाच्या रस्त्यावर असतो, हे सौ.ला परवा नकाशा दाखवून सांगितलं. तिने वही उघडली, "सोफा" खोडलं नि तिथे लिहिलं: "जुलै, सलाला, भडंग सोबत." पोराला मेलबर्नला कळवलं तर तो म्हणाला, "बाबा, टायर बदला आधी."

तर, स्टेडियमच्या दाराशी मी हे सगळं आठवत उभा होतो, तेव्हा तो पहारेकरी तिसऱ्यांदा आला. म्हणाला, "सर, बघायचंय का आतून? पाच मिनिटं सोडतो."

मी एकदम आत गेलो नाही. आधी मोबाईल काढून नीट बघितलं. त्या दिवशी भारताचा जगात कुठेही सामना नव्हता. मग गेलो.

आत कोणी नव्हतं. एक माणूस पाइप धरून गवताला पाणी घालत होता. मी जिन्याच्या तोंडाशी क्षणभर थांबलो, आणि मग पायऱ्या उतरून पार पुढच्या रांगेत जाऊन बसलो.