खात्याला बांधलेली वाचनखूण
ई-रीडरच्या पडद्यावर सूक्ष्म कुप्यांमधील काळे-पांढरे कण विद्युत्भाराने वर-खाली होऊन अक्षर उमटवतात, आणि ते टिकवायला वीज लागत नसल्याने बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. ॲमेझॉनच्या किंडल या ई-रीडरच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये देवनागरी फॉन्टची फाइल केबलने टाकता येते; मात्र तो फॉन्ट पारखायचा तर ‘ज्ञ’, ‘ष्ट्र’ आणि ‘ऱ्या’ या जोडाक्षरांवरच पारखावा. सिंक, म्हणजे वाचनाची जागा, खुणा आणि टिपणे खात्यामार्फत सर्व उपकरणांवर जुळवून घेणे, ही सोय खरीच, पण त्याच दोरीने पुस्तक मागेही ओढता येते, हे २००९ साली ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ या, नोंदी पुसणाऱ्या राजवटीवरच्या कादंबरीच्या विनापरवाना प्रती वाचकांच्या किंडलमधून परस्पर पुसल्या (आणि तेही नेमके याच पुस्तकाच्या!), तेव्हा उघड झाले. केबलने चढवलेली फाइल त्या मानाने अबोल असते, तिच्यातली खूण फोनपर्यंत पोहोचत नाही.