उत्तर लोकांनी द्यायचे

रविवारच्या मिस्सेत पहिले वाचन संपते आणि स्तोत्र गाणारा माईकपाशी येतो. पेटीवर सूर धरला जातो. तो एकच ओळ गातो, हात किंचित वर करतो, आणि बाकांवरची मंडळी तीच ओळ उचलतात. मग कडवे, मग पुन्हा ती ओळ. वसईच्या चर्चमध्ये प्रवेशगीत, अर्पणगीत सगळे मन लावून ऐकतो, पण माझा जीव अडकतो तो या प्रतिसाद स्तोत्रात.

कॉयरचा कस इथेच लागतो. प्रवेशगीत सवयीचे असते. स्तोत्र मात्र दर रविवारी बदलते, आणि रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे. लोकांनी ओळ एकदा ऐकायची आणि लगेच गायची, तालीम वगैरे काही नाही. १३६व्या स्तोत्राच्या कर्त्याने ही सोय आधीच करून ठेवली आहे: २६ चरण, आणि प्रत्येक चरणाचा उत्तरार्ध तोच. कीर्तनात बुवांमागे टाळकऱ्यांनी ध्रुपद धरावे, तसेच हे. मराठी माणसाला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

तरी हे गाणे मराठीत गायची मुभा तशी अलीकडची. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज जाहीर झाला आणि लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना वाट मिळाली. ग्रेगोरियन गायनाचे मानाचे पान त्याच दस्तऐवजात कायम राहिले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

ते विसरू नये, कारण चाल लावणाऱ्याची मुख्य अडचण त्या गायनाने केव्हाच सोडवली आहे. हिब्रू स्तोत्रांत यमकाचा आग्रह नाही. तोच विचार दुसऱ्या शब्दांत फिरून येतो, आणि ओळी लहानमोठ्या. त्यांना भावगीताची ठरीव चाल लावली, की कुठे शब्द ताणावा लागतो, कुठे कोंबावा लागतो. ‘परमेश्वर’ मधेच तुटून अर्धा पुढच्या मात्रेत पडतो. ग्रेगोरियन पद्धतीत ओळ कितीही लांब असो, ती एका सुरावर म्हणत न्यायची आणि शेवटी दोन-तीन स्वरांचे वळण द्यायचे. जोसेफ जेलिनो या फ्रेंच जेझुइट फादरांनी विसाव्या शतकात अक्षरांऐवजी आघात मोजून स्तोत्रांना चाली दिल्या. आपल्या ओवीतही ही लवचीकता आहेच. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले ख्रिस्तपुराण ओवीत आहे, ते उगाच नव्हे.

चाल कशी आहे ते प्रायश्चित्त काळात उघडे पडते. आलेलुया थांबतो, वाद्ये फक्त गाण्याला आधार देण्यापुरती. राखेच्या बुधवारी ५१वे स्तोत्र येते, आणि कीबोर्डच्या झगमगाटावर तगलेली चाल तिथेच कोसळते. साधी चाल मात्र मागच्या बाकावरची आजीसुद्धा न अडखळता म्हणते.

हल्ली काही ठिकाणी प्रतिसादाच्या ओळीतही ताना येतात, पट्टी चढते, दोन कडव्यांमध्ये कीबोर्डचे लांबलचक तुकडे वाजतात. कॉयर सुरेख गाते, लोक गप्प बसून ऐकतात. मैफलीत हे शोभेल. इथे उत्तर लोकांनी द्यायचे असते. तेव्हा कॉयरमधल्या मित्रांनो, आलाप अर्पणगीतासाठी राखून ठेवा. स्तोत्राची पट्टी एक-दोन सुरांनी उतरवा, आणि प्रतिसाद आला की माईकपासून जरा मागे सरका.