शेपूट नसलेला उंदीर

गेल्या दिवाळींत माझा भाचा चार दिवसांसाठीं रोहण्यास आला, तेव्हां त्याच्या सामानांत कपड्यांची पिशवी लहान आणि यंत्रांची पेटी मोठी होती. पुण्यास शिकणाऱ्या मुलांचें हें असेंच असतें, असें म्हणून घरांतील मंडळींनीं तिकडे दुर्लक्ष केलें. मला मात्र जन्मभर मास्तरकी केल्यामुळें मुलांच्या दप्तरांत डोकावण्याची खोड जडली आहे. मीं चौकशी केली, तेव्हां त्यानें दोन वस्तू काढून माझ्या टेबलावर ठेवल्या. एक होता संगणकाचा बिनतारी माउस आणि दुसरा कानांवर चढवावयाचा बिनतारी हेडसेट. दोन्ही खेळासाठीं मुद्दाम घडविलेले. म्हणजे लहान मुलांच्या खेळासाठीं नव्हे, तर मोठ्या मुलांनीं पडद्यावर लुटुपुटीचीं युद्धें लढावीं यासाठीं. दोहोंची मिळून किंमत ऐकली, तेव्हां मीं चष्मा काढून पुसला. माझ्या पहिल्या नोकरीचीं दोन वर्षें तेवढ्या पैशांत निघालीं होतीं.

“मामाजी, हंसूं नका. आधीं हातांत घेऊन तर पाहा,” भाचा म्हणाला.

कोणत्याही वस्तूची पारख करतांना आधीं तिच्याविषयीं वाईट मत करून घ्यावें व मग ती हातांत धरावी, ही माझी जुनी पद्धत. तिच्यांत निराशेचें भय नसतें. पण तो माउस हातांत येतांच माझें मत त्याच्यापेक्षां जड भरलें. स्वयंपाकघरांतील काट्यावर ठेवून पाहिला, तर साठ ग्रॅमच्या आंतबाहेर. आमच्या परसांतल्या एखाद्या बऱ्यापैकी लिंबाएवढा. पोटाखालीं नितळ चकत्या बसविलेल्या असल्यामुळें तो सरकत नाहीं, वाहतो. माझ्या जुन्या तारेच्या माउसला मी रोज ढकलीत असें. याला नुसतें मनांत आणलें कीं पुरे, असें वाटलें.

हा आनंद फार वेळ टिकला नाहीं. माझ्या टेबलावर कांच आहे, आणि तिच्याखालीं नातवंडांचे फोटो, पंचांगाचें एक पान व पुलगांव-आर्वी रेल्वेचें एक जुनें तिकीट आहे. त्या कांचेवर पडद्यावरचा बाण पिसाळल्यासारखा उड्या मारूं लागला. भाच्यानें जवळ पडलेला एका मासिकाचा अंक उचलून माउसखालीं सारला, आणि बाण ताळ्यावर आला. वाङ्मयाचा इतका प्रत्यक्ष उपयोग मीं प्रथमच पाहिला.

याचें कारण मोठें मौजेचें आहे. माउसच्या पोटाशीं एक चिमुकला दिवा व एक चिमुकला डोळा असतो. तो डोळा खालच्या पृष्ठभागाचीं चित्रें दर सेकंदास हजारों वेळां टिपतो, आणि मागचें चित्र पुढच्याशीं ताडून हात कोणीकडे व किती हलला हें ठरवितो. कागदाला तंतू असतात, लाकडाला रेषा असतात, कापडाला वीण असते. त्या खुणांवरून त्याला वाट कळते. कांच निष्कलंक असते, आणि जेथें कलंक नाहीं तेथें ओळखही नाहीं. मिळालेली बातमी मग तो संगणकाच्या कुशींत खोंचलेल्या, नखाएवढ्या एका तुकड्याकडे पाठवितो. ती ज्या लहरींतून जाते, त्यांचीं कंपनें सेकंदाला सुमारें दोनशें चाळीस कोटी. १८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बसूंनीं अशाच अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून घंटा वाजविली, तेव्हां तो चमत्कार पाहावयास मोठमोठे अधिकारी जमले होते. आज तो एक विद्यार्थी पायजम्यांत बसून करतो आणि त्याची आई त्याला जेवायला हांक मारीत असते.

या प्राण्यास उंदीर हें नांव पडलें तें त्याच्या शेपटीवरून. कॅलिफोर्नियांतील डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेप्रमाणें बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्यानें १९६४ सालीं पहिला माउस बनविला. तो लाकडाचा ठोकळा होता. खालीं एकमेकांस काटकोनांत दोन चाकें, वर एक बटण आणि अंगाला तार. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें एंगलबार्ट यांनीं तो जाणत्या लोकांसमोर चालवून दाखविला. आतां तार गेली, पण नांव राहिलें. आपल्याकडे पाटीलकी गेली तरी पाटील हें नांव राहिलें, त्यांतलाच हा प्रकार.

“हा माउस सेकंदांत हजार वेळां आपली जागा कळवतो, मामाजी. तुमचा जुना सव्वाशें वेळां,” भाच्यानें अभिमानानें सांगितलें.

यावर मी मनमुराद हंसलों. डोळ्यांनीं खूण पाहून बोट दाबावयास माणसाला सेकंदाचा चौथा-पांचवा हिस्सा लागतो. ज्याला अंथरुणांतून उठायलाच अर्धा तास लागतो, त्यानें गाडी एक मिनिट आधीं सुटावी म्हणून स्टेशनमास्तरांना साकडें कां घालावें? सेकंदाचा सहस्रांश! तो कोणाला कळतो, आणि कोणाच्या उपयोगीं पडतो? भाचा म्हणाला, “दोघे सारखेच चपळ असले म्हणजे तेवढ्यानंच निकाल लागतो.” हांगझाऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत २०२३ सालीं या खेळांना पदकें होतीं, हेंही त्यानें माझ्या नजरेस आणून दिलें. मीं वाद आवरता घेतला. पण सहस्रांशाची थट्टा माझ्या जिभेवर होतीच. ती मला पुढें लवकरच गिळावी लागली.

हेडसेट हें माउसच्या मानानें भारदस्त प्रकरण. दोन वाटोळ्या वाट्या, त्यांना मऊ गाद्या, डोक्यावरून कमान आणि तोंडापुढें मायक्रोफोनची दांडी. तो चढवितांच घरांतला पंखा, शेजारचा टी.व्ही. आणि कोपऱ्यावरची पिठाची गिरणी हीं सारीं दुसऱ्या गांवीं राहावयास गेलीं. त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. चष्मा लावणाऱ्या माणसाला डोकें असतें हें तो घडविणारास ठाऊक नसावें, कारण गाद्यांच्या दाबानें चष्म्याच्या दांड्या कानशिलांत रुतूं लागल्या. आणि अर्ध्या तासांत कानाच्या पाळ्या घामेजल्या. विदर्भाच्या उन्हाळ्यांत हें भूषण कोणी कसें मिरवावें, हा प्रश्नच आहे.

“डोळे मिटा, आणि पावलं कोणीकडून वाजतात तें सांगा,” भाचा म्हणाला.

वाळलेल्या पानांवर कोणी तरी चालत होतें. मीं उजवीकडे बोट दाखविलें. “बरोबर. आतां?” पावलें अस्पष्ट, लांबून आलीं. मीं पुन्हा उजवीकडेच बोट दाखविलें. भाचा क्षणभर गप्प राहिला. “मामाजी, हा तर अगदीं डावीकडून आला.”

मला आनंद झाला, हें मी लपवीत नाहीं. इतकी महाग वस्तू आणि तिची एक बाजू मुकी! मीं विजयानें डोळे उघडले. भाच्यानें हेडसेट स्वतःच्या डोक्यावर चढविला, ऐकला, आणि कांहीं न बोलतां मला परत दिला. वर्गांत विज्ञान शिकवितांना मी मुलांना वर्षानुवर्षें सांगत आलों होतों कीं, दोष कोठें आहे हें शोधावयाचें तर एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. मीं हेडसेट उलटा घातला. डावी वाटी उजव्या कानावर, उजवी डाव्यावर. मघाशीं मुकी असलेली वाटी स्पष्ट बोलूं लागली, आणि जी बोलत होती ती मुकी झाली. दोष वाटीबरोबर हलला नाहीं. तो जेथें होता तेथेंच, माझ्या डाव्या बाजूस, बसून राहिला.

“सेटिंगमध्यें कांहीं तरी गडबड असेल,” भाचा म्हणाला. तो चांगला मुलगा आहे.

त्या रात्रीं मला झोंप लागेना. आवाज कोणत्या दिशेनें आला हें आपणांस कसें कळतें? डावीकडचा आवाज डाव्या कानाशीं थोडा आधीं आणि थोडा मोठा पोंचतो. वेळेचा व मोठेपणाचा हा फरक जोखून मन दिशा ठरवितें. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १९०७ सालीं हें विवेचन केलें. दोन कानांतील अंतर तें किती! आवाज अगदीं एका बाजूनें आला, तरी दोन कानांशीं पोंचण्यांत फार तर सेकंदाच्या सहस्रांशाचा दोन-तृतीयांश एवढाच फरक पडतो. सकाळीं ज्या सहस्रांशाची मीं टिंगल केली, त्याहूनही बारीक हिशेब निसर्गानें माझ्या डोक्यांत मांडून ठेवला होता. आणि तो केव्हां बिघडला, याचा मला पत्ताही नव्हता.

पत्ता नव्हता म्हणजे काय? गेलीं कित्येक वर्षें मी लोकांना सांगत होतों कीं, आमचें गांव मुकें झालें. १९१७ सालीं सुरू झालेली पुलगांव-आर्वी ही अरुंद रेल्वे बंद पडली व तिची शिट्टी गेली, हें खरें आहे. बैलांच्या जागीं ट्रॅक्टर आले आणि पोळ्याखेरीज घुंगरांचा नाद दुर्मीळ झाला, हेंही खरें आहे. पण मी याच यादींत चिमण्या घातल्या, पऱ्हाटींत कापूस वेंचणाऱ्या बायकांचीं गाणीं घातलीं, आणि शेवटीं माणसांचें बोलणेंही घातलें. हल्लींचीं मुलें पुटपुटतात, शेवटच्या बांकावरून उत्तर द्यावयाची कोणाची छाती नाहीं, बायकोला शब्द गिळण्याची संवय लागली, असा माझा आरोप असे. शेतावरचा गडी एकदां फाटकांतून घुश्शांत म्हणाला होता, “गुरुजी, तीन आवाज देल्ले तुमाले, आयकू नाई आलं काय?” तेव्हां त्याच्यावरच मीं उद्धटपणाचा ठपका ठेवला होता. काळ बदलला अशी तक्रार करणाऱ्या माणसानें पहिल्यानें आपले कान तपासून घ्यावे, हें शहाणपण मला त्या रात्रीं आलें.

पुढच्या आठवड्यांत सपत्नीक वर्ध्यास जाऊन कानाच्या डॉक्टरांना दाखविलें. त्यांनीं मला एका बंद खोलींत बसविलें, कानांवर हेडसेट चढविला, हातांत बटण दिलें आणि आवाज ऐकूं येतांच तें दाबावयास सांगितलें. भाच्याचाच खेळ, फक्त शत्रू नव्हता. निकाल असा लागला कीं, लहानपणीं माझा डावा कान वाहत असे, त्या वेळचें छिद्र पडद्यास तसेंच आहे. आणि दोन्ही कानांतले उंच स्वर वयानें नेले आहेत. स, श, त, फ हीं व्यंजनें त्या उंच स्वरांवर जगतात. तीं गेलीं म्हणजे बोलणें ऐकूं येतें, पण शब्द कळत नाहींत, आणि ऐकणाऱ्यास वाटतें कीं बोलणाराच पुटपुटत आहे.

भाच्याला मीं पत्र लिहिलें. त्याच्या वस्तूंची खुल्या मनानें स्तुति केली. माउस उत्तम आहे, हेडसेट चष्मेवाल्यांवर अन्याय करतो, पण खोटें बोलत नाहीं. शेवटीं मास्तरकीही केली. जागतिक आरोग्य संघटनेनें मोठ्या माणसांसाठीं ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास, अशी मर्यादा सुचविली आहे. आवाज तीन डेसिबलनीं वाढला कीं तो सोसण्याची वेळ निम्मी होते. “माझा कान बालपणींच बिघडला, त्याला माझा इलाज नव्हता. तुझा तूं पैसे देऊन घालवूं नकोस,” असें मीं लिहिलें.

वर्ध्याहून परततांना एस.टी.त आम्हां दोघांना शेजारच्या जागा मिळाल्या. मी बसणार इतक्यांत पत्नी म्हणाली, “तुम्ही तिकडे सरका, मी या बाजूला बसतें.” ती माझ्या उजवीकडे बसली. तेव्हां एकदम माझ्या ध्यानांत आलें कीं, जेवतांना ती उजवीकडे बसते, रस्त्यानें उजवीकडून चालते, आणि ओसरीवरची तिची खुर्चीही गेलीं कित्येक वर्षें माझ्या उजव्या हातालाच असते.

“तुला हें ठाऊक होतं?” मीं विचारलें.

“आठ-दहा वर्षं तरी झालीं असतील.”

“मग मला सांगितलं कां नाहींस?”

“सांगितलं होतं कीं,” ती म्हणाली. “पण तेव्हां मी डावीकडे बसलें होतें.”