फोटो छान आला होता

तुम्ही डोंबिवलीत वाढला असाल आणि घरचे मूळ वेंगुर्ल्याचे असतील, तर मासा म्हणजे काय हे तुम्हाला कोणी शिकवावं लागत नाही. मासा म्हणजे रविवार. मासा म्हणजे आईने बाजारातल्या मावशीशी घातलेली हुज्जत, कल्ले उघडून केलेली तपासणी आणि दुपारी दोन वाजता सोलकढी पिऊन आडवं होणं. मासा पकडून, त्याच्यासोबत फोटो काढून, त्याला परत पाण्यात सोडून देणारी माणसं या जगात आहेत, हे मला वयाच्या 28व्या वर्षी कळलं.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला अमेरिकेत पाठवलं. न्यूयॉर्क नाही, कॅलिफोर्निया नाही, तर विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन. गावाच्या मधोमध तळीच तळी. मेंडोटा आणि मोनोना ही मोठी, आणि विंग्रा धाकटं. जेमतेम साडेतीनशे एकरांचं, उथळ. एका बाजूला प्राणिसंग्रहालय, दुसऱ्या बाजूला विद्यापीठाचं जंगल. वेगाने बोट पळवायला बंदी, त्यामुळे शांतता. 2008 मध्ये इथून कार्प जातीचे मासे मोठ्या प्रमाणावर काढले, पाणी निवळलं आणि तळाशी पाणवनस्पती माजल्या. त्या वनस्पतींच्या कडेने बास लपतात. आणि मस्की!

मस्की म्हणजे लांबलचक, दातेरी, तिरसट मासा. तो या राज्याचा 1955 पासूनचा अधिकृत मासा आहे. हेवर्ड नावाच्या गावात तर फायबरग्लासचा 143 फुटी मस्की बांधलाय, लोक त्याच्या जबड्यात उभं राहून खालच्या पब्लिकला हात हलवतात. याला म्हणतात 'दहा हजार कास्टचा मासा'. म्हणजे दहा हजार वेळा गळ फेका, मग एकदा लागेल. आमच्या प्रोजेक्टचा क्लायंट बरा म्हणायचा!

मला हे वेड लावलं शेजारच्या क्युबिकलमधल्या, रिटायरमेंटला टेकलेल्या एका सहकाऱ्याने. मी मनातल्या मनात त्यांना तात्या म्हणायचो. तात्यांनी शिकवलं ते असं: बासला पकडायचं तर अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालायचा. मस्कीच्या तोंडात बोट घालायचं नाही, घातलंत तर मोजून परत घ्यायचं. मस्की आमिषाच्या मागे थेट होडीपर्यंत येतो, म्हणून प्रत्येक कास्टच्या शेवटी रॉडचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मासा दिसो न दिसो. आणि दोन नियम. पहिला, मासा पाण्याबाहेर काढलास की तूही श्वास रोखून धर. तुला घ्यावासा वाटला की त्याला आत सोड. दुसरा, पाणी 80 फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्कीच्या वाटेला जायचं नाही. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. झुंजून दमलेला मासा त्यात सावरत नाही.

मी मान डोलावली. ट्रेनिंगमध्ये डोलावतो तशी.

त्या जुलैत उकाड्याची लाट आली. तात्यांनी मस्कीचे रॉड गॅरेजमध्ये ठेवून दिले. मी म्हटलं, आपण बास पकडू, बासला उकाडा चालतो. शनिवारी भाड्याची होडी घेतली, हलका रॉड, बारीक दोरी, प्लास्टिकचं गांडूळ. तासाभरात दोन बास मिळाले, सोडले. तिसऱ्यांदा दोरी ताणली गेली ती ताणलेलीच राहिली. रील किंचाळायला लागलं. पाण्याखाली माझ्या पायाएवढं काहीतरी वळलं.

खरं तर त्याच्या दातांनी ती दोरी तुटायला हवी होती. पण गळ नेमका जबड्याच्या कोपऱ्यात बसला होता. दोरी कापून टाकायचा पर्यायही होता. ते मला तेव्हा सुचलं, हे कबूल करतो. पण दहा हजार कास्टचा मासा एखादा माणूस स्वतःहून सोडतो का? मी वीस मिनिटं त्याला खेळवत राहिलो. जड रॉड असता तर पाचेक मिनिटांत काम झालं असतं. शेवटी तो आडवा होऊन आला. पट्टीवर 37 इंच.

आता फोटो! होडीत मी एकटा. मोबाइल डब्याला टेकवून टायमर लावला. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात माझं डोकं कापलं गेलं. तिसरा मात्र असा झकास आला की विचारू नका. मागे तळं, पुढे मासा, मधे मी, बत्तीशी दाखवत.

या सगळ्यात मी किती वेळा श्वास घेतला, ते मोजलं नाही.

पाण्यात ठेवला तर तो कलंडला. शेपटी धरून सरळ केला, पुन्हा कलंडला. मी अर्धा तास त्याला धरून बसलो. कल्ले हलायचे, थांबायचे, पुन्हा हलायचे. मग थांबले ते थांबलेच. पांढरं पोट वर. इथला नियम असा की 40 इंचांखालचा मस्की घरी नेता येत नाही, मेलेला असला तरी. मी त्याला तिथेच सोडून किनाऱ्याला आलो.

सोमवारी तात्यांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "पाणी किती होतं?"

"मोजलं नाही."

"सहा-सात वर्षांचा असेल तो," एवढंच म्हणाले आणि स्क्रीनकडे वळले. विंग्रामध्ये मस्की मुद्दाम आणून सोडावे लागतात. एक गेला म्हणजे एक गेला.

रात्री आईला फोन केला. ती भडकली की मालवणीत शिरते. "खाऊचो नाय, तर मारूचो कित्याक?" मी तिला समजवायला गेलो की अगं आई, इथे सोडून देतात, मारायचं नव्हतंच मला. थोडा वेळ ती गप्प. मग म्हणाली, "पावसात आपले लोक समुद्रावर जातत? नाय ना? नारळी पुनव येईपर्यंत थांबतत. तुका कोणी शिकवला नाय?"

शिकवलं होतं. दोघांनीही. एक आठ हजार मैलांवरून, एक शेजारच्या क्युबिकलमधून. मी 'आपण तर सोडूनच देतो' एवढ्यावर स्वतःला पुण्यवान समजत होतो. सोडून देणं सोपं असतं हो, हातात फोटो असतो. कठीण आहे ते गळच न टाकणं.

आता माझ्या डब्यात थर्मामीटर असतं, सुतळीला बांधलेलं. पाणी 80च्या वर गेलं की बासचा रॉडही घरी. मग मी धक्क्यावर बसून तळहाताएवढे ब्लूगिल पकडतो. ते खायला परवानगी आहे, म्हणून खातो. हळद, मीठ, मालवणी मसाला, रव्यात घोळवून तव्यावर. आई व्हिडिओ कॉलवर तवा बघते आणि म्हणते, "गॅस कमी कर."

तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. छानच आलाय. कोणाला दाखवलेला नाही.